एसीचा गॅस दर उन्हाळ्यात संपत नसतो

संपादक महोदय,

ऊन तापू लागलं की आमच्या दारव्हा तालुक्यातले जुन्या गाड्यांचे मालक एसीत गॅस भरायला शहराकडे निघतात. मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो. निवृत्तीनंतर गावातल्या गाड्या अंगणातच बघतो, आणि कास्तकाराचा पैसा असा जाताना बघवत नाही म्हणून लिहितो आहे.

एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जाणार.

बरेचदा दोष गॅसचा नसतोच. सोयाबीनच्या मळणीत कुटार उडतं, जिनिंगच्या रस्त्याला रुई उडते आणि हे सगळं रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची गरमी बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, जाळीत जाऊन बसतं. गरमी बाहेर पडायची वाटच बुजली, तर गॅस कितीही भरा, गाडी गार होत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना साध्या पाइपाने हलक्या धारेने जाळी धुवा. जोराच्या धारेने तिच्या पातळ पात्या वाकतात. बऱ्याच गाड्यांत समोरच्या खणामागे आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर असतो, तो काढून बघा. परवा एका शिक्षिकाबाईंच्या गाडीत त्याजागी उंदराचं घरटं निघालं. एसीचा पंखा फक्त शेवटच्या नंबरवरच फिरत असेल, तर बहुधा त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलेला असतो.

हिवाळ्यातल्या हीटरचं दुखणं आपणच ओढवून घेतो. हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. आपण रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी ओततो आणि हीटरच्या बारीक नळ्या क्षाराने बुजतात. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून कुणी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकतं. मग जानेवारीच्या पहाटे हीटर कोमट हवा देतो आणि काचेवरची वाफ हटत नाही. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी त्यासाठीचं तयार द्रव, म्हणजे कूलंटच वापरा, आणि इंजिन गरम असताना त्याचं झाकण उघडू नका.

गॅसच्या नळीला मात्र घरी हात लावू नका. बहुतेक जुन्या गाड्यांच्या एसीत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो उणे २६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे त्याचा फवारा डोळ्यांत किंवा हातावर आला तर तिथला भाग गोठून इजा होते. हवेत सोडलेला हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आधीच आपल्याकडे पारा ४५ पार करतो.

म्हणून वाचकांना विनंती, गेज लावून दाब दाखवायला सांगा. जुना गॅस हवेत न सोडता यंत्रात काढून घ्यायला लावा आणि गळती कुठे सापडली हे बिलावर लिहून मागा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे काम शिकवलं, तर आमच्या पोरांना गावातच रोजगार मिळेल.

एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ