पाझर तलावाच्या भिंतीला वाली कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जायकवाडी, माजलगाव, मांजरा यांचा पाणीसाठा टक्क्यांत छापून येतो. आम्ही तो आवर्जून वाचतो. पण ज्या तलावाच्या भिंतीखाली आम्ही रोज झोपतो, त्याचे नाव कुठल्याच तक्त्यात नसते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात ओढ्याओढ्यावर पाणी जमिनीत मुरवणारे मातीचे पाझर तलाव आहेत. त्यांतले कितीतरी 1972 च्या दुष्काळातल्या कामांवर झाले. आमच्या तलावावर माझ्या आईने माती वाहिली आहे. एक थर पडला की पाणी मारायचे, दगडी रूळ फिरवायचा, मग वरचा थर. मधल्या गाभ्याला काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम. मुकादम टाचेने दाबून बघायचा आणि टाच रुतली तर पुन्हा रूळ, असे ती सांगायची. दुपारी सुकडी मिळायची. त्या तलावाने आमच्या विहिरी जगवल्या, आणि डोंगरावरून येणारा लोंढा अडवून तो सांडव्यातून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेतून, बेताने खाली सोडला. खालची वस्ती त्याच्याच भरवशावर वाढली.

गेल्या पावसाळ्यात, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, सलग दोन रात्री पाऊस पडला. तलाव काठोकाठ भरला. रात्री अकराच्या सुमारास शेजारचा मुलगा धावत आला, "काका, भिंतीच्या बुडाला पाणी उसळतंय." आम्ही पाचसहा जण बॅटऱ्या घेऊन गेलो. पायथ्याला, जुन्या बाभळीच्या बुंध्याजवळ, मनगटाएवढी धार होती. मातीच्या धरणाला थोडाफार पाझर असतोच, त्याने कुणी घाबरू नये. बघायचे ते पाण्याचा रंग. आमच्यातल्या एकाने उभी हयात धरणांच्या कामांवर घालवली आहे. त्यांनी पाण्याची रिकामी बाटली धारेखाली भरली आणि बॅटरीसमोर धरली. पाणी तांबूस होते. बाटली जमिनीवर ठेवली तर थोड्या वेळात तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ बसला. स्वच्छ पाणी आले तर भिंत पाझरते आहे. गढूळ आले तर पाणी भिंतीची माती घेऊन बाहेर पडते आहे, आतल्या आत नळी पोखरली जाते आहे.

आम्ही माती टाकून भोक बुजवायला निघालो होतो. त्यांनी हात धरला. वरून बुजवले तर पाणी आत कोंडते आणि दुसरीकडून फोडून निघते. त्यांनी आधी वाळू टाकायला लावली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड. पाणी जाऊ द्यायचे, माती अडवायची. वाळू कुणाच्या तरी अर्धवट घराच्या बांधकामावरून आणली. पहाटे तीन वाजेपर्यंत ट्रॅक्टरच्या उजेडात हे चालले होते. खालच्या वस्तीवरची लेकरे आणि म्हातारी माणसे शाळेत नेऊन बसवली होती. पहाटे धार नितळ झाली.

त्या रात्री आम्ही तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या कार्यालयातून सांगितले, तो तलाव आमच्याकडे नाही. दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवले. तिसरीकडे फोन उचलला गेला नाही. सिंचनक्षमता शंभर हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, त्याहून जास्त असेल तर जलसंधारण विभाग, मोठी कामे जलसंपदाकडे, ही वाटणी आम्हाला नंतर समजली. रात्री अकरा वाजता पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला ती कशी माहीत असावी?

तिवरे आठवत असेल. चिपळूण तालुक्यातले ते मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. फुटल्यावर तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. मला त्या वाक्याचा आजही त्रास होतो. खेकडे, घुशी, उंदीर भिंतीत बिळे करतात, हे खरेच आहे. आमच्याही भिंतीत आहेत. पण बीळ काही एका रात्रीत होत नाही. ते दिसते, त्याच्या तोंडाशी ताजी माती पडलेली असते. वर्षातून दोनदा कुणी भिंतीवरून चालत गेले तर ते त्याच्या पायाखाली येते. म्हणून विचारायला हवे होते ते हे, की शेवटचे तिथून कोण चालत गेले होते?

तिवऱ्यानंतर दोन वर्षांनी, 2021 मध्ये, केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणीबाणीचा आराखडा, जबाबदार यंत्रणा, सगळे त्यात आहे आणि ते चांगलेच आहे. पण हा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरमधली धरणे लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा काही अटींत बसली तरच येतात. 10 मीटरच्या खाली काहीच नाही. आमची भिंत नऊ मीटरही भरत नाही. अशा तलावात एक लाख घनमीटर पाणी असले, तर ते दहा कोटी लिटर होते. अर्ध्या किलोमीटरवर वस्ती असेल तर एवढे पाणी पुरेसे आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना आहे. लहान भिंती मात्र कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

आता गावाच्या चुका. त्या लपवून हे पत्र लिहिणे मला बरे वाटत नाही. आमच्याकडे चारपाच वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला, तेव्हा सांडव्यावर वाळूची पोती आणि दगड रचून पाणी हातभर जास्त अडवले. सगळ्यांनी मिळून केले, मीही होतो. ती पोती नंतर कुणी काढलीच नाहीत, त्यांच्यात घाणेरी आणि वेड्या बाभळी उगवल्या. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहिले की ती गेलीच म्हणून समजा. सांडवा हा तिचा जीव आहे. गुजरातेत मच्छू नदीवरचे धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी असेच गेले. मधला दगडी सांडवा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध पुराचे पाणी वरून गेल्याने वाहून गेले आणि खालचे मोरबी शहर बुडाले. तिथे पूरच सांडव्याच्या ताकदीबाहेरचा होता. आम्ही तर स्वतःच्या हाताने सांडव्याची ताकद कमी करून बसलो होतो.

दुसरी चूक गाळ काढतानाची. गाळमुक्त धरण योजनेने आमच्या शेतांचे भलेच केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण जेसीबीवाल्याला भिंतीपासून किती अंतर सोडायचे हे सांगायला कुणी उभे नसते. आमच्याकडे तर पिचिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पाण्याकडच्या दगडी अस्तराच्या, बुडापर्यंत खणले गेले. तळातला चिकणमातीचा थर तिथे फोडला गेला. गेल्या पावसाळ्यातली धार त्याच्या बरोबर खालच्या अंगाला होती. दोन्हींचा संबंध आहे, असे मला वाटते. अंतिम शब्द जाणकाराने द्यावा.

आमची मागणी नव्या योजनेची नाही. प्रत्येक लहान तलावाच्या भिंतीवर एक पाटी असावी. तलाव कोणत्या खात्याचा, गळती दिसली तर रात्री कुणाला फोन करायचा, त्या माणसाचे पद आणि चालू असलेला नंबर. मृगाच्या आधी त्या माणसाने भिंत एकदा पायी चालावी, माथ्यावर भेगा किंवा खचलेला भाग आहे का, पिचिंग ढासळले का, सांडवा मोकळा आहे का ते बघावे, आणि काय दिसले ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून लावावे. याला निधी कितीसा लागणार? आणि संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांनी या मे महिन्यात तालुक्या-तालुक्यात एवढेच विचारावे, की तुमच्याकडचे मातीचे तलाव किती, आणि त्यांतल्या कितींची पाहणी झाली. मिळेल ते उत्तर जायकवाडीच्या साठ्याशेजारी छापावे.

सांडव्यातली पोती आम्ही गेल्या अमावास्येला, औते बंद असताना, काढून टाकली. घाणेरीही तोडली. भिंतीवरच्या मोठ्या बाभळींना मात्र हात लावलेला नाही. जाड मुळे भिंतीत खोलवर गेली आहेत. झाड तोडून तसेच सोडले तर मुळे कुजून आत पोकळी राहते, आणि उपटले तर खड्डा नीट थराथराने दाबून भरावा लागतो. ते काम इंजिनिअरच्या देखरेखीखालीच व्हावे, असे आमच्या जाणत्यांचे म्हणणे आहे. तसा अर्ज जानेवारीत दिला, पोच आमच्याकडे आहे. अजून कुणी आलेले नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
बालाघाट डोंगरपट्टा, जि. बीड