जुन्या मोटारींची वाहतूक आणि मराठीत न लागलेला फलक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वडिलांची किंवा आजोबांची जुनी मोटार परगावाहून, परराज्यातून इकडे आणून ती नीट करून घेणारी बरीच मंडळी आता ठाणे, डोंबिवली, नेरुळ, खारघर या भागांत भेटतात. कोणाकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली फियाट असते, कोणाकडे अॅम्बॅसिडर, तर कोणाकडे मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. या गाड्या हजार-दोन हजार किलोमीटर चालवत आणणे बहुधा शक्य नसते, म्हणून त्या ट्रेलरवर चढवून आणाव्या लागतात. हे काम करणाऱ्यांची गोदामे आणि ट्रेलरतळ आपल्याच दाराशी, भिवंडीत आणि कळंबोलीत आहेत. या व्यवहारात ग्राहकाच्या उपयोगाची एक तरतूद कायद्यात आहे : महागड्या मालाची जादा जबाबदारी घेण्यासाठी जो दर आकारायचा, त्याचा फलक वाहतूकदाराने मराठीतही लावण्याची. पण ती पाळली जात असल्याचे मला आजवर एकाही कार्यालयात दिसले नाही, आणि ती ठाऊक असलेला ग्राहकही क्वचितच भेटला. तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला पूर्वी १८६५ सालचा कायदा लागू होता. त्याच्या जागी ‘कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७’ आला आणि १ मार्च २०११ पासून तो अंमलात आहे. त्याखालील नियमांनुसार माल हरवला किंवा त्याचे नुकसान झाले, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते आणि ती रक्कमही ग्राहकाने लेखी जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. सिमेंटच्या गोण्या किंवा कपड्यांच्या गाठी यांच्यासाठी ही मर्यादा कदाचित पुरेशी असेल. जुन्या मोटारीचे गणित मात्र तिने पार बिघडते. समजा, नव्या गाड्यांच्या सोबतीने एका ट्रेलरवर जागा मिळाली आणि भाडे १८,००० रुपये ठरले, तर वाहतूकदार जास्तीत जास्त १,८०,००० रुपयांना बांधील राहतो. पत्रा, रंग, क्रोम, गादीकाम आणि इंजिन यांवर त्याच्या कितीतरी पट खर्च झालेली गाडी त्या ट्रेलरवर उभी असू शकते. शिवाय भाड्यात घासाघीस करून ग्राहक दोन-तीन हजार रुपये वाचवतो, तेव्हा आपल्याच नुकसानभरपाईची मर्यादा तो वीस-तीस हजारांनी खाली आणत असतो. हे त्याला कोणी सांगत नाही. फोनवर भाव सांगणाऱ्यालाही ते बहुधा माहीत नसते.

याच कायद्याच्या अकराव्या कलमात यावर उपाय दिलेला आहे. मौल्यवान किंवा नाजूक मालासाठी वाहतूकदार जादा दर आकारू शकतो आणि तसा दर घेतला, की त्याची जबाबदारी दोघांनी मान्य केलेल्या अटींप्रमाणे वाढते. मात्र असा जादा दर घ्यायचा असेल, तर त्याची छापील किंवा लेखी सूचना व्यवसायाच्या जागी इंग्रजीत आणि त्या राज्याच्या भाषेत लावलेली असली पाहिजे, अशी अट कलमातच आहे. महाराष्ट्रात याचा अर्थ मराठी फलक. चौकशीच्या निमित्ताने मी कळंबोलीत आणि भिवंडीच्या मानकोली-अंजूरफाटा पट्ट्यात अनेक कार्यालयांत जाऊन आलो. देवादिकांच्या तसबिरी, जीएसटीचे प्रमाणपत्र, ‘उधार बंद’ची पाटी हे सगळे तेथे होते. जादा जोखमीच्या दराचा फलक मराठीतही नव्हता आणि इंग्रजीतही नव्हता. आता बरेचसे बुकिंग संकेतस्थळावरून होते, म्हणजे व्यवसायाची जागा मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. तेथे गाडीचा विमा काढण्याच्या नावाखाली गाडीच्या किमतीच्या काही टक्के रक्कम सर्रास मागितली जाते. परंतु त्या पैशांतून ग्राहकाच्या नावे खरोखर विमापत्र निघते, की ती नुसती भाड्यातली वाढ असते, हे कोठेही स्पष्ट केलेले नसते.

हे सारे मला ज्या प्रसंगामुळे तपासावे लागले, तो थोडक्यात सांगतो. माझे थोरले काका नोकरीनिमित्त कोलकात्यात स्थायिक झाले होते. तेथूनच जवळच्या उत्तरपाडा कारखान्यात तयार झालेली १९६९ सालची अॅम्बॅसिडर मार्क टू त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. काकांच्या पश्चात काकूंनी ती मला देऊ केली. गाडी ठाण्याला आणण्यासाठी मी एका कंपनीशी बोललो, गाडीची सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि तिची किंमत ई-मेलने लेखी कळवली आणि ‘घरपोच’ या अटीवर पैसे भरले. गाडी न्यायला जो ट्रेलर आला तो दुसऱ्याच कंपनीचा होता, बिल्टीही (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) त्या दुसऱ्या कंपनीचीच होती. त्या बिल्टीवर मालाच्या किमतीचा रकाना कोरा होता आणि आडवा शिक्का मारलेला होता : ‘अॅट ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालकाची. काकूंच्या शेजाऱ्यांनी त्याबद्दल विचारले, तेव्हा चालकाने ‘ऑफिसशी बोला’ एवढेच उत्तर दिले.

गाडी कळंबोलीला पोहोचली तेव्हा पुढच्या बंपरचा डावा कोपरा आत दबलेला होता आणि क्रोमचा पापुद्रा निघाला होता. बांधण्याचा पट्टा चाकांवरून न घेता बंपरच्या मागून ओढून घेतल्याची खूण तेथे स्पष्ट दिसत होती. वरच्या मजल्यावरच्या गाडीतून गळलेले तेल टपावर सांडून काचेपर्यंत ओघळले होते. इतका लांब ट्रेलर घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतीत येऊ शकत नाही हे समजण्यासारखे आहे. पण मला न विचारता त्यांच्या एका चालकाने गाडी चालवतच ठाण्याकडे आणली. शिळफाट्यावरून मुंब्रा बाह्यवळणाचा चढ, पुढे खारेगावची कोंडी आणि मग माजिवडा. स्टिअरिंगजवळचा गिअर आणि चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायची कळ) त्याने कदाचित पहिल्यांदाच हाताळले असतील. चोक बाहेर ओढलेलाच राहिला होता. गाडी आमच्या फाटकात उभी राहिली तेव्हा रेडिएटर उकळत होता आणि क्लच जळाल्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. पैसे घेणाऱ्या कंपनीने ‘आम्ही फक्त बुकिंग करतो’ असे कळवले, तर ट्रेलरवाल्यांनी बिल्टीवरच्या शिक्क्याकडे बोट दाखवले. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून त्यातल्या रकमेविषयी किंवा कंपन्यांविषयी येथे अधिक लिहिणे योग्य होणार नाही.

परंतु ‘आम्ही फक्त बुकिंग करतो’ या उत्तराविषयी लिहिलेच पाहिजे, कारण ते अनेकांना ऐकावे लागते आणि ऐकणारा गप्प बसतो. कायद्यातील वाहतूकदाराच्या व्याख्येत माल नोंदवून घेणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल या सर्वांचा नावानिशी समावेश आहे. या सर्वांनी राज्य किंवा प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. नोंदणीशिवाय हा व्यवसायच करता येत नाही. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी कंपनीचा हा नोंदणी क्रमांक मागावा. जीएसटी क्रमांक हा त्याला पर्याय नाही. गाडी ताब्यात देताना बिल्टी कोणाच्या नावाची आहे ते पाहावे आणि किमतीचा रकाना आपल्यासमोर भरून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. नुकसान झालेच, तर त्याची लेखी नोटीस माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला पोहोचली पाहिजे. ही मुदत गाडी हाती पडल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत आणि चर्चेच्या, आश्वासनांच्या घोळात ती निघून जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीला किंवा कोलकात्याला असले, तरी ठाणेकराला तेथवर जावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष गाडी चढवण्याविषयी. नव्या गाड्या रोज वाहून नेणाऱ्या कामगारांचे हात सरावलेले असतात हे खरे, पण जुनी गाडी वेगळी वागते. अॅम्बॅसिडरला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. पट्टा चॅसिसला किंवा बंपरला आवळला, की प्रत्येक खड्ड्यात गाडीची सगळी उसळी त्या एका जागेवर येते. पट्टे चाकांवरून घ्यावेत, म्हणजे चाके जागची हलत नाहीत आणि वरची गाडी आपल्या स्प्रिंगांवर डोलू शकते. जुन्या हँडब्रेकवर विसंबू नये, चाकांना लाकडी ठोकळे लावून ते ठोकून घ्यावेत. बॅटरीची तार सोडवून ठेवावी, टाकीत पेट्रोल पावपेक्षा जास्त ठेवू नये. उघड्या ट्रेलरवर गाडीला कापडी आच्छादन घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण वाऱ्याने फडफडणारे, धूळ धरलेले कापड दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये रंग घासून काढते. परवडत असेल तर बंद कंटेनर घ्यावा, नाही तर निदान वरचा मजला मागावा आणि तो बिल्टीवर लिहून घ्यावा. शेवटचा टप्पा सपाट टोइंग गाडीवरूनच होईल, हेही लिहून घ्यावे. व्हील कॅप, बोनेटवरचे चिन्ह, जुना रेडिओ या वस्तू काढून स्वतःजवळ ठेवाव्यात. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला आहे आणि हरवलेला भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात हुडकत बसण्याची वेळ जिच्यावर आली नाही अशी जुनी गाडी मला तरी माहीत नाही.

विम्याबाबत एक गोष्ट उपयोगी पडेल. गाडीची पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या नुकसानीसह असलेला विमा चालू असेल, तर रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना होणारे नुकसानही साधारणपणे त्यात येते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्यासाठीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते, म्हणून ती ट्रेलर येण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. बहुतेक जुन्या गाड्यांचा फक्त तृतीयपक्ष विमा असतो आणि तो येथे कामी येत नाही.

ही बाब थोड्या हौशी लोकांची आहे, शासनाने त्यात कशाला लक्ष घालावे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे शासनाने या गाड्यांना वारसा म्हणून मान्यता दिली, त्यासाठी शुल्क घेतले आणि त्यांचे रस्त्यावरचे चालणेही मर्यादित केले. त्यानंतर त्या ज्या ट्रेलरवरून जाणार, त्या व्यवसायातला कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारीही त्याच शासनाकडे येते. २०२५ मध्ये कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा मार्गावर खासगी मोटारी रेल्वेने नेण्याची सोय सुरू केली. तीत मालकाला त्याच रेल्वेगाडीने प्रवास करून पोहोचल्यावर मोटार स्वतः उतरवून घेता येत होती. अशी सोय लांबच्या मार्गांवर झाली तर जुन्या मोटारींच्या मालकांना तिचा मोठा आधार होईल, पण तोवर ट्रेलरला पर्याय नाही.

म्हणून ठाणे, वाशी आणि पनवेल येथील परिवहन अधिकाऱ्यांना आपल्या दैनिकाच्या माध्यमातून माझी विनंती आहे, की त्यांनी आपापल्या हद्दीतील नोंदणीकृत मालवाहतूकदारांची यादी कार्यालयात आणि संकेतस्थळावर लावावी, अकराव्या कलमातील मराठी सूचना लावलेली आहे की नाही याची भिवंडी आणि कळंबोलीत प्रत्यक्ष जाऊन पाहणी करावी, आणि भाड्याच्या दहापट मर्यादेचे वाक्य बिल्टीच्या पुढच्या बाजूला मराठीत, वाचता येईल एवढ्या टायपात छापण्यास वाहतूकदारांना सांगावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी मोटार पाठवणाऱ्यांसाठी मराठीत एक नमुना करारपत्र तयार करून दिले, तर ज्यांना इंग्रजी अटी वाचणे जड जाते अशा ज्येष्ठ मालकांची फार मोठी सोय होईल. ज्या वाचकांना असाच अनुभव आला असेल, त्यांनी आपल्या बिल्टीची प्रत जोडून संबंधित परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. मी माझी तक्रार दिली आहे आणि तिच्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)