बॉनेटखालचे पॅड आणि पाकिटावर न छापलेले तापमान

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर मोटारीच्या बॉनेटला आतून आवाज व उष्णता अडवणारे पॅड बसवण्यासंबंधी जे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले, त्यात पॅड किती जाडीचे घ्यावे, कसे कापावे आणि कसे चिकटवावे हे नीट समजावून दिले होते. मात्र ते पॅड किती तापमान सोसते याचा उल्लेख एका ओळीतही नव्हता. याचा दोष एकट्या लेखकाला देता येणार नाही. सुटे विकले जाणारे असे पॅड ज्या पाकिटांतून येतात, त्यांपैकी अनेकांवर लांबी, रुंदी, जाडी आणि ‘आवाज कमी करते’ एवढेच छापलेले असते. इंजिनाच्या थेट डोक्यावर उलटे टांगले जाणारे साहित्य विकताना त्याची तापमानमर्यादा आणि त्याचे आगीसमोरचे वर्तन सांगणे उत्पादकावर बंधनकारक असावे, आणि जोवर तसे होत नाही तोवर ही माहिती नसलेले पॅड ग्राहकाने घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पॅडकडून अपेक्षा काय ठेवावी, हे आधी पाहिले पाहिजे, कारण अवास्तव अपेक्षेपोटीच लोक जाड आणि स्वस्त साहित्याच्या मागे लागतात. चार सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोन, म्हणजे सेकंदाला १०० वेळा इंधन पेटते, आणि त्यातून उठणाऱ्या १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची हवेतील तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर भरते. फोम किंवा फेल्ट आवाज शोषतो तो आपल्या बारीक छिद्रांत हलणाऱ्या हवेला घर्षणाने अडवून. हे काम चांगले व्हायचे तर साहित्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास असावी लागते. १०० हर्ट्झसाठी हा हिशेब ८५ सेंटिमीटरचा होतो. बॉनेटखाली एवढी जागा कोणत्याही गाडीत नसते, त्यामुळे ‘घूं’ असा जो खालच्या पट्टीतला आवाज चालकाला सर्वांत जास्त छळतो, त्याला पॅडचा उपयोग जवळजवळ शून्य. इंजेक्टरची टिकटिक आणि डिझेल इंजिनाची खडखड यांचा बराचसा भाग मात्र हजार हर्ट्झच्या वर असतो आणि तिथे १० ते १५ मिलिमीटरचे पॅडही आपले काम दाखवते. म्हणूनच पॅड बसवल्यावर गाडीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला फरक चटकन कळतो. आत बसलेल्याला तो फार थोडा जाणवतो, कारण आतला आवाज मुख्यतः फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधल्या पडद्यातून, आणि इंजिन ज्या आधारांवर बसते त्या माउंटिंगवाटे सांगाड्यात उतरलेल्या कंपनांतून येतो. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज हा तर निराळाच विषय आहे. ‘गाडी एकदम शांत’ असे आश्वासन देणाऱ्याला एवढे तरी विचारावे की कोणता आवाज, आणि तो ऐकणारा कुठे बसलेला.

याच ओघात पॅड आणि डॅम्पिंग शीट यांतील गल्लतही दूर व्हायला हवी. ब्यूटाइल रबराची, वर ॲल्युमिनियम फॉइल असलेली शीट पत्र्याची थरथर मारते. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली तर आधी जो टणत्कार येतो त्याच्या जागी बोदा ‘ठक’ ऐकू येतो, आणि हीच तिची परीक्षा. हवेतून आलेला आवाज शोषणे हे तिचे काम नव्हे. शिवाय ती जड असते. बॉनेट उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या मूळ वजनाच्या हिशेबाने बसवलेल्या असतात, आणि भरपूर शीट चिकटवलेले बॉनेट वाकून काम करणाऱ्याच्या मानेवर हळूहळू उतरू लागले तर त्यात दांड्यांचा काहीच दोष नसतो. ब्यूटाइलऐवजी छपरांच्या गळतीसाठी वापरली जाणारी डांबरी पट्टी कोणी देऊ केली तर ती सरळ नाकारावी, कारण उष्णतेने ती मऊ होते आणि खाली ओघळते.

आता मूळ मुद्दा उष्णतेचा. पॅड लावल्याने इंजिन तापते, अशी एक भीती अनेकांच्या मनात असते आणि ती निराधार आहे. इंजिनाला थंड ठेवण्याचे काम रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा आणि जाळीतून शिरून खाली निघून जाणारी हवा यांच्याकडे असते. बॉनेटच्या पत्र्यातून बाहेर पडणारी उष्णता त्या मानाने किरकोळ असते. ज्या बॉनेटला हवेसाठी मुद्दाम झरोके ठेवलेले असतात, तेवढे झाकू नयेत. खरी परीक्षा इंजिन बंद झाल्यानंतरची आहे. गाडी धावत असताना आत वारा खेळत असतो. लांब चढ चढून आलेली गाडी उभी करून किल्ली फिरवली की वारा थांबतो, बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो, आणि शेकडो अंश तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका वायू गोळा करणारा नळ) व त्याच वायूवर फिरणारा टर्बोचार्जर आपली साठवलेली उष्णता सरळ वर सोडू लागतात. बॉनेटच्या आतली बाजू धावत्या गाडीपेक्षा या उभ्या गाडीत अधिक तापते. ‘मी गाडी कधी पळवतच नाही’ असे म्हणणाऱ्याच्या पॅडलाही हा ताप चुकत नाही.

बाजारात जो पांढरा किंवा चंदेरी, हलका, बंद बुडबुड्यांचा पॉलिइथिलीन फोम सर्रास मिळतो, तो सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी आपला आकार सोडतो. छपराखाली किंवा पाण्याच्या नळावर तो उत्तम आहे. टर्बोच्या वर त्याला जागा नाही. मेलामाइन फोम किंवा रेझिनने बांधलेल्या काचतंतूचे पॅड याहून कितीतरी अधिक तापमान सोसते. मात्र तिथेही बहुधा आधी हार मानतो तो गोंद. साध्या रबरी गोंदाची पकड पॅडच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली सैल पडते. आधी एक कोपरा सुटतो, मग त्यातून वारा शिरतो, कडेचा पट्टा लोंबू लागतो आणि एखाद्या दिवशी तो फॅन बेल्टवर किंवा थेट एक्झॉस्टवर जाऊन टेकतो. पॅड कितीही चांगले असले तरी गोंदाची तापमानमर्यादा वेगळी विचारावी लागते, ती यासाठी. माझी पसंती मूळ क्लिपांना आहे. अनेक गाड्यांच्या बॉनेटच्या आतल्या चौकटीला, पॅड दिलेले नसले तरी, कंपनीने क्लिपांची भोके ठेवलेली असतात, कारण त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीत पॅड येते. अशा गाडीला कंपनीचेच पॅड आणि क्लिपा बसवल्या की कापाकापी, गोंद आणि पुढची चिंता हे तिन्ही मिटते.

तेलाचा धोका याहून गंभीर आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. उघड्या छिद्रांचा फोम किंवा फेल्ट गळलेले, उडालेले तेल दिव्याच्या वातीसारखे शोषून घेतो. इंजिनाच्या सांध्यांतील गॅस्केटमधून पाझरणारे तेल पत्र्यावर असते तेव्हा दिसते आणि पुसता येते. तेच सच्छिद्र साहित्यात मुरले की बारीक तंतूंवर पसरून त्याला हवा मिळते, ते आतल्या आत तापत जाते आणि एरवी ज्या तापमानाला पेटले नसते त्याहून कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. कारखान्यांतील गरम नळांवरच्या तेलकट वेष्टनांच्या आगी अशाच लागतात. म्हणून पॅडचा इंजिनाकडचा पृष्ठभाग तेल न शोषणारा, कडा फॉइलच्या पट्टीने बंद केलेल्या, आणि एकदा तेलाने किंवा इंधनाने भिजलेले पॅड धुण्याच्या भानगडीत न पडता बदललेले, एवढे पथ्य पाळायलाच हवे. फॉइलचा पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो हे खरे, पण तो स्वच्छ असेतोवरच. धूळ आणि तेलाचा थर बसला की तोही उष्णता पिऊ लागतो. शिवाय जाड, सलग फॉइल लावले तर आवाजही फोमपर्यंत न पोहोचता परत फिरतो. चांगल्या पॅडवर म्हणूनच अतिशय पातळ किंवा बारीक छिद्रांचे आवरण असते.

ही माहिती छापणे अवघड आहे, असे उत्पादकांना म्हणता येणार नाही, कारण मोजमापाच्या पद्धती केव्हाच ठरलेल्या आहेत. अमेरिकेचे ३०२ क्रमांकाचे मोटार सुरक्षा मानक १९७२ पासून लागू असून त्यानुसार साहित्यावर ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरहून अधिक वेगाने सरकता कामा नये. पण ते मानक आहे प्रवासी कक्षातील साहित्यासाठी. सीटचे कापड सावकाश जळले तर आतल्यांना बाहेर पडायला वेळ मिळतो, हा त्यामागचा विचार आहे. ‘३०२ उत्तीर्ण’ एवढ्या शिक्क्यावर एखादे पॅड इंजिनावर टांगण्यास योग्य ठरत नाही. प्लॅस्टिकच्या ज्वलनासाठी वापरली जाणारी ‘यूएल ९४’ ही कसोटी इथे अधिक बोलकी आहे. तिच्या ‘व्ही-०’ श्रेणीसाठी उभ्या धरलेल्या पट्टीची ज्योत १० सेकंदांच्या आत विझावी लागते आणि पट्टीतून गळणाऱ्या पेटत्या थेंबांनी खालचा कापूस पेटता कामा नये. उलट्या टांगलेल्या वस्तूच्या बाबतीत थेंबांची ही अट किती महत्त्वाची आहे, हे सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ११८ क्रमांकाचा नियम तर काही वर्गांतील मोठ्या बसगाड्यांसाठी इंजिनाच्या कप्प्यातील रोधक साहित्याने इंधन आणि वंगण दूर लोटावे, अशी अपेक्षा करतो. बसच्या बाबतीत जे महत्त्वाचे मानले गेले, ते मोटारीच्या सुट्या पॅडच्या पाकिटावर निदान छापून तरी यावे, एवढीच माझी मागणी आहे.

बसवताना मोकळ्या जागेचा प्रश्न अंदाजाने सोडवू नये. इंजिन गार असताना त्याच्या सर्वांत उंच भागांवर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे गोळे प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावेत, बॉनेट अलगद बंद करून पुन्हा उघडावे आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजावी. जितकी जाडी भरेल तितके पॅड चालेल असे मात्र नाही, कारण वेग वाढवताना इंजिन आपल्या माउंटिंगवर डोलते. पॅड बसवूनही काही मिलिमीटर हवा शिल्लक राहिलीच पाहिजे. बॅटरी बॉनेटखालीच असेल तर फॉइलचे पॅड तिच्या टर्मिनलला कोणत्याही स्थितीत टेकणार नाही आणि धन टोकावरील टोपण जागेवर आहे, याची खात्री करावी, कारण ॲल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे. बॉनेटच्या कडेला पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके बुजली तर पत्रा आतून गंजतो. काच धुण्याच्या फवाऱ्याची नळी पॅडखाली दाबली जाऊ नये, बॉनेटची कडी आणि बिजागरी मोकळी राहावी, आणि हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ सैल कडा असू नये. चौकटीच्या पोकळ पन्हाळ्या फोमने ठासून भरण्याचा उद्योगही करू नये. पादचाऱ्याचे डोके आपटले तर बॉनेट दबून धक्का सोसावा, अशी त्याची घडण असते. जुने, भुगा होऊ लागलेले काचतंतूचे पॅड काढताना हातमोजे, चष्मा आणि मास्क वापरावा. उंदरांचा वावर असेल तिथे मऊ फेल्ट त्यांना घरट्यासाठी आयतेच मिळते आणि मग वायरिंगही कुरतडले जाते, तेव्हा अधूनमधून बॉनेट उघडून पाहण्याला पर्याय नाही.

पॅड बसवूच नये, असे माझे म्हणणे नाही. रंगाचे उष्णतेपासून रक्षण आणि वरच्या पट्टीतील खडखडीत घट हे त्याचे फायदे खरे आहेत. पण ते मर्यादित आहेत, आणि एवढ्या मर्यादित फायद्यासाठी वितळणारे किंवा पेटणारे साहित्य इंजिनावर टांगणे मला कोणत्याही हिशेबात बसणारे वाटत नाही. आपल्या पानावर यापुढे अशा वस्तूंची तुलना देताना जाडी आणि किमतीच्या शेजारी पॅडची व गोंदाची तापमानमर्यादा आणि ज्वलनश्रेणी असे रकाने असावेत, आणि उत्पादकाने माहिती दिली नाही तर ते रकाने त्याच्या नावासमोर रिकामेच छापावेत, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
एक वाचक