त्याला जेवताना एकदा बघा : आरोग्यमंत्र्यांना ग्रामीण विदर्भातून खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : लहान मुलांच्या भरवण्या-गिळण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणींवरील उपचार गावपातळीवर मिळण्याबाबत

माननीय महोदय,

"लेकरू खातच नाही जी." धारणीपासून सिरोंचापर्यंत कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात हे वाक्य कानावर पडतं. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. जंताची गोळी, भूक लागायचं औषध आणि "चारा-पाजा, त्याचं ऐकू नका" हा सल्ला. बऱ्याच मुलांचं तेवढ्यात भागतं. पण त्याच रांगेत काही लेकरं अशी असतात की त्यांना भूक असते, समोर वाटी असते, भरवणारी मायही असते, फक्त तोंडातला घास घशाखाली नेणं त्यांना जमत नसतं. 'खात नाही' आणि 'खाता येत नाही' यांतला फरक वजनकाट्यावर दिसत नाही. तो मूल जेवत असताना बघितलं तरच दिसतो. आपल्या यंत्रणेत मुलाचं वजन होतं, उंची होते, दंडाचा घेर मोजला जातो. जेवताना त्याला कुणी बघत नाही.

ही मुलं कोण? दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मल्यावर लवकर न रडलेली, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) किंवा डाउन सिंड्रोम असलेली, टाळू फाटलेली, मेंदूज्वरातून वाचलेली.

सुरुवात एसएनसीयूपासूनच, म्हणजे आजारी आणि अशक्त नवजात बाळांच्या विशेष कक्षापासूनच करू. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बाळाला साधारण ३४ व्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो. त्याआधी जन्मलेलं बाळ वजन वाढलं की घरी जातं, आणि सुट्टीच्या कागदावर बहुतेक वेळा 'पिते' एवढंच लिहिलेलं असतं. कसं पिते, किती वेळात पिते, पिताना रंग बदलतो का, हे त्यात नसतं. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजताना होणारी चूक सगळीकडे तीच आहे : दूध ओतलं जातं. बाळ आडवं, मान मागे आणि दूध थेट जिभेच्या मुळाशी. खरं तर बाळाला जवळजवळ उभं धरायचं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागेल इतकीच वाटी कलती करायची आणि थांबायचं. बाळ जीभ पुढे काढून दूध स्वतः घेतं. त्याचा श्वास मिनिटाला ६० च्या वर असेल तर तोंडाने पाजायचंच नाही. सुट्टी देण्याआधी एक पूर्ण पाजणं नर्सने डोळ्यांनी बघून कागदावर लिहावं, ही आमची पहिली मागणी. याला पैसा लागत नाही.

दुसरी जागा पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना दाखल करतात ते केंद्र. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की मुलाची भूक चाचणी होते. ठरलेला खुराक त्याने खाल्ला नाही तर भूक नाही असं धरलं जातं. गिळता न येणारं मूल या चाचणीत भुकेपोटी नापास होत नाही, जिभेपोटी होतं. मग नाकातून नळी पडते, १४ दिवसांत वजन वाढतं, मूल घरी जातं आणि घरच्या वाटीसमोर पुन्हा तिथेच येऊन अडतं, कारण मधल्या काळात तोंडाने खायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. नळी जितकी जास्त दिवस राहते तितकं तोंड स्पर्शाला बिचकू लागतं, हेही लक्षात घ्यायला हवं. नळी असतानाच दिवसातून तीन-चारदा, नळीने दूध जात असताना, ओठांना-जिभेला चव लावणं आणि हिरड्यांवरून स्वच्छ बोट फिरवणं सुरू झालं पाहिजे.

तिसरी जागा सर्वांत दुखरी. वर्षातून तीन-चारदा न्यूमोनिया होणारं मूल येतं, अमोक्सिसिलीन मिळतं, बरं होतं, पुन्हा येतं. दर वेळी छाती ऐकली जाते. पाणी कसं पितं, हे विचारायचं राहून जातं. अन्नपाणी श्वासनलिकेत गेलं की ठसका लागणारच, अशी सगळ्यांची समजूत आहे. ज्यांच्या घशाची जाणीव कमी आहे त्या मुलांना ठसका लागतच नाही, अन्न गुपचूप फुप्फुसात उतरतं. ते ओळखायच्या खुणा आहेत. चार-पाच घोटांनंतर आवाज ओला, घरघरता होतो. डोळ्यांत पाणी येतं, नाकपुड्या फुलतात, ओठांभोवती निळसर झाक येते. जेवणाआधी आणि जेवणानंतर एकेक मिनिट श्वास मोजला तर आकडा वाढलेला दिसतो. अर्धा तास उलटला तरी वाटी संपत नाही. व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचा हलता एक्स-रे) लागेल अशी मुलं नागपूरला पाठवावीच लागतील, पण कुणाला पाठवायचं हे घड्याळ आणि दोन डोळ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातच ठरू शकतं.

आता घरातलं चित्र. 'नाक दाबलं की तोंड उघडतं' ही म्हण आपल्याकडे शब्दशः पाळली जाते. आजी पाय लांब करून बसते, लेकराला पायांवर उताणं घेते, नाक दाबते, तोंड उघडतं, चमचा रिकामा होतो. श्वास घ्यायला उघडलेलं तोंड म्हणजे उघडी श्वासनलिका, आणि नेमक्या त्याच क्षणी पेज आत जाते. आजीला बोल लावू नये. त्या मुलाला तिच्याइतका वेळ घरात दुसरं कुणी देत नाही. तिला दुसरी रीत हाताने करून दाखवावी लागते, पत्रक वाटून ती कळत नाही.

ती रीत अशी. घराच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात मुलाला बसवायचं, पाठीला गोधडीची घडी, कमरेत आणि गुडघ्यात काटकोन, तळवे जमिनीला किंवा पाटाला टेकलेले. मान किंचित पुढे झुकलेली. भरवणाऱ्याने समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, कारण उंचावरून भरवलं की मूल वर बघतं आणि मान मागे जाते. चमचा पसरट, अर्धाच भरलेला. तो जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच दाबायचा आणि वरचा ओठ खाली येऊन घास उचलेपर्यंत थांबायचं, मग चमचा सरळ बाहेर. वरच्या दातांवर खरडून चमचा रिकामा केला की मान मागे जाते आणि ओठ काही शिकत नाही. जबडा लटकत असेल तर अंगठा खालच्या ओठाखाली हनुवटीवर, तर्जनी जबड्याच्या कडेने गालावर, मधलं बोट वाकवून हनुवटीखाली, असा आधार द्यायचा. आधार म्हणजे दाबणं नव्हे. घसा वर उचलला गेलेला दिसला, तोंड रिकामं झालं, की पुढचा चमचा. घास उतरावा म्हणून त्यामागे पाणी ओतायची सवय मोडायला सर्वांत अवघड जाते, आणि तीच सर्वांत घातक आहे. एक जेवण ३० मिनिटांत आटपायचं, त्यानंतर निदान अर्धा तास मुलाला आडवं करायचं नाही, आणि ओल्या फडक्याने तोंड, गालांच्या आतली बाजू पुसायची. तोंडात अडकून राहिलेलं अन्न कुजतं आणि त्यातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात.

पातळ पदार्थांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चांगले डॉक्टरही गोंधळतात. अशा मुलांना वरणभातापेक्षा पाणी अवघड जातं. पाणी वेगाने घशात पोचतं, गिळण्याची क्रिया मागे राहते. म्हणून दाट द्यायचं, पण किती दाट? प्रत्येक उपकेंद्रात १० मिलीची सिरिंज असते. शून्य ते दहा या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर आहे ना, तेवढं पट्टीने बघून घ्यावं. दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावायचं, १० मिली आंबील भरायची, बोट काढून १० सेकंद मोजायची. १ मिलीहून कमी उरलं तर ती पाण्यासारखीच आहे, १ ते ४ मिली उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ उरलं तर थोडी दाट, ८ च्या वर उरलं तर मध्यम दाट. जगभर वापरली जाणारी ही चाचणी आहे आणि वऱ्हाडातल्या ज्वारीच्या आंबिलीला, झाडीपट्टीतल्या तांदळाच्या पेजेला ती तशीच लागू पडते. मोजायची मात्र पाजायच्या वेळच्या गरमपणावर, कारण निवली की पेज घट्ट होते. शिवाय तोंडातला चमचा परत वाटीत बुडवला की लाळेने पेज फुटते, आणि वाटीच्या तळाशी उरलेले शेवटचे घोट पाण्यासारखे झालेले असतात. ठसका जेवणाच्या शेवटी का लागतो याचं कारण बरेचदा हे असतं. पेज दोन वाट्यांत अर्धी अर्धी काढून ठेवली की हा त्रास टळतो. वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाट करू नये, आणि मध तर अजिबात चाटवू नये.

यात विदर्भाचा उन्हाळा येतो. १० किलोच्या मुलाला दिवसाला अन्नातलं धरून साधारण एक लिटर द्रव लागतो, मे महिन्यात त्याहून जास्त. सगळा द्रव चमच्याने द्यायचा झाला तर ५ मिलीचे २०० चमचे होतात. चमच्याला अर्धं मिनिट धरलं तरी शंभर मिनिटं. ही शंभर मिनिटं त्याच दिवसांत हवी असतात जेव्हा माय पहाटेच तेंदूपत्त्याला गेलेली असते. त्याआधी मोहफूल असतं, दिवाळीनंतर कापूस वेचणी. घरी आजी असते किंवा आठ-दहा वर्षांची बहीण. म्हणून प्रशिक्षण मायला देऊन भागत नाही, जो हात भरवतो त्या हाताला द्यावं लागतं. आणि पोटात जागा कमी, वेळ कमी, म्हणून प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तेल घालावं. ५ मिली तेलाने सुमारे ४० किलोकॅलरी वाढतात आणि घास निसटताही होतो.

आता मनुष्यबळ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्याच राज्यातल्या पालघरमधून. त्यात जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रासाठी (जन्मजात आणि वाढीच्या अडचणी असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र) एक वाचा-श्रवण तज्ज्ञ धरलेला आहे. जिथे तो आहे तिथेही तो जिल्ह्याच्या गावी बसतो. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, सिरोंचाहून गडचिरोली दोनशेच्या वर. ज्या लेकराची मान टिकत नाही त्याला मांडीवर घेऊन एसटीने एवढा प्रवास, आणि तोही दर आठवड्याला, कुठली माय करेल? या तज्ज्ञाने आठवड्यातले दोन दिवस उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत बसावं, त्याला वाहन आणि प्रवासभत्ता मिळावा आणि या दिवसांची तारीख बाजाराच्या दिवसाशी जुळवावी. मधल्या दिवसांत जेवणाचं दोन मिनिटांचं, बाजूने काढलेलं, मान आणि घसा दिसेल असं चित्रीकरण आशाने मोबाइलवर घ्यावं. भामरागडमध्ये रेंज नसली तरी ते पुढच्या गावी आल्यावर पाठवता येतं. पहिल्या भेटीनंतर तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी असं बघणं झालं तरच रीत अंगवळणी पडते. महिन्याने बघितलं तर घरात जुनीच रीत पुन्हा सुरू झालेली असते.

नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत देशाला गडचिरोलीने दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. त्याच भेटीत पाजणं बघायचं, एवढंच त्यात जोडा. नवं रजिस्टर देऊ नका, आहे त्या कागदावर तीन रकाने द्या आणि त्या वेळेचा मोबदला द्या. दाखवायची चित्रं आणि आवाज कोरकू, गोंडी, माडिया आणि कोलामी भाषांत असू द्या.

बोलण्याचं थोडक्यात. फाटलेल्या टाळूची शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, फाइल बंद होते. मूल 'बाबा' म्हणायला जातं आणि 'मामा' ऐकू येतं, कारण हवा नाकातून निसटते. नाकाखाली छोटा आरसा धरून 'पापा' म्हणायला लावा. आरसा धुरकटला तर हवा गळते आहे. टाळू शिवूनही गळत असेल तर आधी शल्यचिकित्सकाला दाखवायचं, आणि गळत नसूनही 'क', 'ट', 'प' घशातून येत असतील तर ती जुनी सवय आहे, तिला थेरपी लागते. शस्त्रक्रियेच्या कागदावरच पुढच्या थेरपीची तारीख घालावी.

एक विनंती खरेदीबाबत. शिट्ट्या, फुंकण्या, कंप देणारे ब्रश यांचे संच केंद्रांना विकले जातात. फुंकर मारून 'क' सुधारत नाही. उच्चार उच्चारानेच सुधारतो. जिभेला वेखंड लावण्यानेही तो सुधारत नाही, हे गावात आम्ही सांगतोच. तो पैसा पसरट चमचे, लहान वाट्या, आरसे आणि बसायच्या आधाराकडे वळवावा. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कोपऱ्याच्या आकाराची, कमरेला पट्टा आणि पायाला फळी असलेली बांबूची बैठक तिथे तीन मापांत घडवून घेता येईल, आणि मोडली तर गावातला बुरूड ती दुरुस्त करू शकेल.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. त्यातली एक सकाळ काढून विदर्भातल्या कुठल्याही एका पोषण पुनर्वसन केंद्रात, आधी न कळवता, खुराकाच्या वेळी या. गोधडीवर बसा आणि एका मुलाची एक वाटी संपेपर्यंत बघा. घड्याळ लावून बघा. त्यानंतर वरच्या मागण्यांवर बोलायला आम्ही तिथेच थांबलेले असू.

आपले,
ग्रामीण विदर्भात मुलांच्या भरवण्या-गिळण्यावर आणि बोलण्यावर काम करणारे थेरपिस्ट, परिचारिका व विशेष शिक्षक