साइडकारला चकाकी आणण्याआधी तिचे सांधे तपासावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाहनांविषयीच्या मजकुरासोबत साइडकार, म्हणजे बाजूला स्वतःचे चाक असलेली बैठक, जोडलेल्या मोटारसायकलींची देखणी छायाचित्रे वरचेवर प्रसिद्ध होतात आणि ती पाहून अशी एखादी गाडी आपल्याही दारात उभी असावी असे अनेकांना वाटते. त्यात गैर काहीच नाही. मी स्वतः त्याच ओढीने एक वापरलेली गाडी घेतली. मात्र ती घरी आणल्यावर पहिले काही आठवडे तिचे नेमके काय करावे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

गाडी आली की हात आधी पॉलिशच्या डबीकडे जातो. माझाही गेला असता, पण साइडकारच्या खालच्या अंगाला चिखल आणि ग्रीसचा इतका जाड थर होता की आधी रॉकेलचे फडके घेऊन बसावे लागले. मोटारसायकलच्या चेसिसला, म्हणजे सांगाड्याला, साइडकार धरून ठेवणारी मागची वरची दांडी पुसत असताना वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी एक रेघ दिसली आणि तिच्या काठाने तांबूस गंज पाझरलेला होता. तेवढ्यापुरता रंग खरवडला तेव्हा ती भेग दांडीच्या जवळजवळ निम्म्या घेरापर्यंत गेलेली आढळली. वरून नवा काळा रंग मारलेला होता. तो रंग तसाच चमकवून मी घरातल्या कोणाला शेजारी बसवून निघालो असतो, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

हे सांधे एवढे महत्त्वाचे का, हे समजून घेतले पाहिजे. एकटी मोटारसायकल वळणावर कलते, त्यामुळे तिच्या चाकांवरचा भार मुख्यतः चाकाच्या उभ्या रेषेतच राहतो. साइडकार जोडली की गाडी कलू शकत नाही आणि वळणाचा सगळा जोर सांध्यांवर, चाकांच्या आऱ्यांवर, बेअरिंगवर आणि पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कवर आडवा येतो. साइडकार सहसा तीन किंवा चार ठिकाणी जोडलेली असते. त्यातला प्रत्येक क्लॅम्प, प्रत्येक बोल्टचे आटे आणि प्रत्येक वेल्डिंग स्वच्छ करून चांगल्या उजेडात, शक्यतो भिंगाखाली पाहावे. काहीही सोडवण्यापूर्वी दांड्या आटे घेऊन किती आत गेल्या आहेत ते मोजून लिहून ठेवावे, नाहीतर पुन्हा जुळवताना दिवसच्या दिवस जातात.

आऱ्यांची परीक्षा सोपी आहे. पान्याने एकेक आरा हलकेच वाजवावा. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, ढिला बद्द आवाज देतो. चाक जमिनीपासून उचलून वरखाली धरून हलवले असता खडखड जाणवली, तर बेअरिंग बदलायला झाले आहे असे समजावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी तिच्यावर विसंबू नये. सन २००० नंतरच्या टायरवर उत्पादनाचा चार अंकी क्रमांक असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. क्रमांक तीन अंकी असेल तर टायर गेल्या शतकातला आहे आणि तो काढूनच टाकावा. बऱ्याच जुन्या साइडकार नुसत्या उभ्या राहिलेल्या असतात, त्यामुळे नक्षी भरपूर पण रबर भेगाळलेले, असे हमखास आढळते.

ब्रेकचे ड्रम उघडताना मात्र एक काळजी घ्यावीच. ड्रमला घासणाऱ्या जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज असू शकते, म्हणून आतली भुकटी फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. पाण्याचा जोराचा फवाराही टाळावा, कारण पाणी बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत शिरते आणि तिथेच गंज धरते.

साइडकारची बैठक आणि पायाखालचे मॅट पूर्ण काढल्याशिवाय सफाई झाली असे म्हणू नये. माझ्या गाडीत मॅटखाली पाणी साचून पत्रा बोटाने दाबला तरी दबत होता आणि बैठकीच्या काथ्यात उंदरांनी घर केले होते. मागच्या दिव्याची वायर त्यांनीच कुरतडली होती. बॉडी फायबरची असेल तर जिथे ती खालच्या सांगाड्यावर टेकते, तिथल्या भेगा पाहाव्यात. दिवे मधूनमधून विझत असतील तर अनेकदा दोष अर्थिंगचा असतो, कारण सांध्यांवर रंग आणि गंज चढल्यामुळे विजेला परतीची वाट मिळत नाही. साइडकारपासून मोटारसायकलपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर टाकणे उत्तम.

सर्वांत शेवटी मोटारसायकल आणि साइडकार यांची एकमेकांशी जुळणी तपासावी. सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना आणि साइडकारच्या चाकाला लागून एकेक सरळ फळी ठेवावी. दोन फळ्यांमधले अंतर मागच्यापेक्षा पुढे थोडे कमी, साधारण १० ते २० मिलिमीटर कमी असावे लागते. शिवाय मोटारसायकल साइडकारपासून उलट दिशेला अंश-दोन अंश झुकलेली असावी लागते. ही मापे गाडीगणिक बदलतात, म्हणून त्या मॉडेलचे पुस्तक मिळाल्यास तेच प्रमाण मानावे. जुळणी बिघडलेली असेल तर गाडी सतत एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. उरल या कंपनीच्या ज्या गाड्यांत साइडकारचे चाकही इंजिनाने फिरवता येते आणि मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसते, त्यांत कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती जोडणी लावू नये.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात आणि साइडकारमध्ये वाळूची पोती घट्ट बांधून घ्यावी. रिकामी साइडकार तिच्याच बाजूच्या वळणावर चटकन उचलली जाते, आणि दुचाकीची सवय असलेल्या माणसाला हे आधी कोणी सांगितलेले नसते.

ती तडकलेली दांडी मी पुन्हा वेल्ड न करता नवी घडवून बसवली, आणि गाडीला पॉलिश त्यानंतर बऱ्याच दिवसांनी झाले. आपल्याला विनंती एवढीच की, अशा गाड्यांची छायाचित्रे छापताना समोरच्या चकाकत्या बाजूसोबत एखादे छायाचित्र खालच्या सांध्यांचेही छापावे, म्हणजे नव्याने गाडी घेणाऱ्याला कुठे वाकून पाहायचे ते कळेल.

आपला,
एक वाचक