टीव्ही बंद करून जेवायचं का, विचारलंत म्हणून

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ बघितला. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा, टीव्ही बंद, मोबाईल लांब, फक्त ताटाकडे लक्ष, मग वजन आपोआप उतरतं आणि शुगर पण. आणि त्याखाली तुमचा प्रश्न, हे खरंय का, आईलाही सांगू का. फोनवर सांगायला गेले असते तर आईने मधेच विषय बदलला असता, म्हणून लिहूनच पाठवतेय. आधी उत्तर सांगून टाकते: थोडं खरंय, बाबा तुमच्या कामाचं आहे, आणि आईने ते तुमच्यासारखं अजिबात करायचं नाहीये.

यातला खरा भाग चावण्याचा नाही, आठवणीचा आहे. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1998 मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात दोन पेशंट होते ज्यांची स्मरणशक्ती इतकी गेलेली की मिनिटाभरापूर्वीचं आठवायचं नाही. त्यांना पोटभर जेवायला दिलं, ताटं उचलली, आणि दहा ते तीस मिनिटांनी परत जेवण पुढे ठेवलं तर ते परत जेवले, आणि बहुतेक वेळा तिसरं ताट आलं की तेही खायला सुरुवात केली! म्हणजे पोट भरलं की हात थांबतो असं आपण म्हणतो पण ‘मी मघाशीच जेवलोय’ हे डोक्यात असणं हाही थांबण्याचा मोठा भाग आहे.

आता टीव्हीचं कळेल. 2013 मध्ये अशा 24 अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात दिसलं की लक्ष दुसरीकडे असताना माणूस त्या जेवणात जास्त खातोच, पण त्याहून मोठा फरक पडतो तो नंतरच्या खाण्यात, कारण जेवणाची आठवणच धड पक्की झालेली नसते. उलट, दुपारी काय जेवलो हे नुसतं आठवायला लावलं तरी नंतरचं खाणं कमी होतं. बाबा, तुमचं ते बातम्या बघत जेवणं आणि दोन तासांनी ‘काहीतरी आहे का गं खायला’ म्हणत डबे उघडणं, ते हेच. तुम्ही जेवताना कमीच जेवता हो, मला माहितीये, माझा रोख डब्यांवर आहे.

सावकाश जेवण्याचं म्हणाल तर तेही खरंय, हळू खाल्लं की एकूण थोडं कमी खाल्लं जातं आणि नंतर त्यामुळे जास्त भूक लागते असंही दिसलेलं नाही. पण बत्तीस हा आकडा काही सिद्ध वगैरे झालेला नाही, मोजत बसू नका, आई वैतागेल.

पण व्हिडिओवाला गडबड करतो ती पुढे. लक्ष देऊन जेवलं की माणूस आपोआप चांगलं खायला लागतो असं तो म्हणतो, आणि तिथे पुरावा फार लंगडा आहे. 2021 मध्ये याच विषयाचा एक आढावा आला, माइंडफुल ईटिंग (म्हणजे हेच, लक्ष देऊन जेवणं) शिकवल्यावर लोकांच्या कॅलरी आणि आहाराचा दर्जा बदलला का असा, तर बहुतेक अभ्यासांत काही खास फरक नव्हता. 2019 मध्ये तर मोबाईल ॲपवरून रोज लक्ष देऊन जेवायची आठवण करून देऊन बघितलं, आठ आठवडे, वजनात फरक शून्य. प्रयोगशाळेत एका दुपारी दिसणारी गोष्ट घरी महिनोन्महिने टिकेलच असं नाही, हे मला तरी पटतं, रोजच्या जेवणावर इतकं लक्ष कोणाचं राहणार?

आणि ताटात काय आहे याला लक्ष हा पर्याय नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत 2019 मध्ये 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं, समोर मांडलेल्या कॅलरी, साखर, मीठ, फायबर सगळं सारखं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकीटवाल्या दिवसांत लोक रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते आणि भराभर खात होते, कारण बहुधा हे की ते मऊ असतं, चावायला लागत नाही, सरकतं घशाखाली. तेव्हा बाबा, बिस्किटाचा पुडा ध्यान लावून खाण्यापेक्षा तो घरात न आणणं सोपं आहे.

गोडाच्या बाबतीत मात्र मी थोडी आशावादी आहे. 2016 च्या एका अभ्यासात 194 लठ्ठ लोकांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दिलं, त्यातल्या निम्म्यांना सोबत लक्ष देऊन खाणंही शिकवलं. वजनात खात्रीने सांगावा असा फरक निघाला नाही, पण ज्यांचं लक्ष देऊन खाणं वाढलं त्यांचं गोड कमी झालं आणि वर्षाच्या शेवटी त्या गटाची उपाशीपोटीची शुगर जिथल्या तिथे राहिली, दुसऱ्या गटाची थोडी चढली. गोडाचा पहिला घास जितका छान लागतो तितका सहावा लागत नाही, पण हे लक्षात यायला सहाव्या घासाकडे बघावं लागतं ना. मात्र डायबिटीसवाल्यांवर 2012 मध्ये याची थेट तुलना नेहमीच्या आहार-शिक्षणाशी केली तेव्हा दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच निघाला, तेव्हा डॉक्टरांनी दिलेला आहाराचा तक्ता फेकून द्यायचा नाहीये.

आता आई. तू हे वाचताना ‘मला काय धाड भरलीये’ म्हणत असशील, पण खरं पत्र तुझ्यासाठीच आहे. ‘शरीराचं ऐका, भूक असेल तेवढंच खा’ हा सल्ला तरुणांना ठीक आहे, पण वय वाढलं की शरीराचा आवाजच बारीक होतो. 1994 मध्ये तरुण आणि म्हाताऱ्या पुरुषांना तीन आठवडे मुद्दाम कमी खायला दिलं, नंतर मोकळं सोडलं. तरुणांनी भरपूर खाऊन वजन परत भरून काढलं, म्हाताऱ्यांना तेवढी भूक लागलीच नाही, गेलेलं वजन गेलंच. वास कमी येतो, चव कमी लागते, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, तहानेचंही तसंच. त्यामुळे ‘मला भूकच नसते गं’ हे तुझं वाक्य मला अजिबात शांत करत नाही.

तुला कमी खायचं नाहीये, पुरेसं खायचंय. पासष्टीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे 55 किलोच्या बाईला साधारण 55 ते 66 ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच). ओट्यापाशी उभं राहून सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊन हे होत नाही. बसून जेव. आणि ताटात आधी डाळ, दूध, अंडं असं काहीतरी संपव, मग बाकीचं, म्हणजे पोट भरलं म्हणून उठलीस तरी कामाचं पोटात गेलेलं असेल. लक्ष द्यायचंच तर ते इथे दे, किती गेलं यावर.

तुझ्या बाबतीत टीव्हीचाही माझा हट्ट नाही. घरच्यांसोबत, मित्रमैत्रिणींसोबत माणूस जास्त जेवतो हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय, तुला तेच हवंय. तर बाबा, दुपारी तुम्ही टीव्ही बंद करून आईसोबत बसा, तिच्याच वेळेला, गप्पा मारत. तुम्ही तिचं ताट बघा, ती तुमचे डबे बघेल, भांडण झालं तर मला सांगा.

एक गोष्ट दोघांनी ऐका. बाबा, ‘आज भूक नाही, लक्ष देऊन बघितलं, नाहीये’ म्हणून शुगरची गोळी घेऊन जेवण टाळायचं नाही, काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने शुगर एकदम खाली येते. तुमच्या गोळ्या त्यातल्या आहेत का हे डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. आणि आईचं वजन महिन्यातून एकदा कॅलेंडरवर लिहून ठेवा, सहा महिन्यांत पाच टक्के मुद्दाम न करता उतरलं, म्हणजे 55 चे 52 झाले, तर ‘बारीक झालीस, छान’ म्हणायचं नाही, सरळ डॉक्टरांना दाखवायचं. जाल तेव्हा तिच्या कवळीचंही सांगा, ती टोचते म्हणून चावायचं टाळते आणि विचारलं की भूक नाही म्हणते, मला मागच्या वेळीच कळलंय.

तुमची लेक