हसण्यावारी नेऊ नये अशी कादंबरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नॅन्सी मिटफर्ड यांच्या ‘द पर्सूट ऑफ लव्ह’ या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीवरील टिपण वाचले. बड्या घरच्या पोरींची प्रेमप्रकरणे, चार घटका करमणूक आणि त्यापलीकडे फारसे काही नाही, असा त्या टिपणाचा एकंदर सूर आहे. कादंबरी विनोदी आहे आणि ती करमणूकही भरपूर करते, याबद्दल वाद नाही. मात्र लेखिका नेमकी कशाला हसते आहे, याकडे टिपणकारांचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र.

कादंबरीतील रॅडलेट कुटुंब ज्या थंडगार, अवाढव्य वाड्यात राहते, तिथल्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर एक खंदक खणण्याचे फावडे टांगलेले आहे. पहिल्या महायुद्धात कुटुंबप्रमुख मॅथ्यूकाकांनी त्याच फावड्याने आठ जर्मन सैनिकांना एकेक करून ठार मारले होते. त्याला चिकटलेले रक्त आणि केस अजून तसेच आहेत, आणि घरातली मुले ते कौतुकाने पाहत वाढली आहेत. हेच काका आपल्या मुलींना पुढे पळायला लावून त्यांच्या मागावर शिकारी कुत्री सोडतात. मुलींना तो खेळ मनापासून आवडतो; धास्तावतात ती रविवारी चर्चला निघालेली परकी माणसे. वाड्यात ऊब अशी एकाच ठिकाणी, गरम पाण्याचे नळ जाणाऱ्या कपड्यांच्या खोलीत. तिथे दाटीवाटीने बसून मुली तासन् तास बोलतात, आणि बोलण्याचा विषय बहुतेक वेळा बाळंतपण हाच असतो. हसता हसता वाचकाच्या लक्षात येते की या मुलींना पुढच्या आयुष्याबद्दल याखेरीज कोणी काही सांगितलेलेच नाही.

त्याचे कारण मॅथ्यूकाकांचा मुलींच्या शाळेला असलेला कडवा विरोध. स्वतः त्यांनी जन्मात एकच पुस्तक वाचले आहे, जॅक लंडन यांचे ‘व्हाइट फँग’, आणि ते इतके आवडले की दुसरे उघडण्याची गरजच त्यांना वाटली नाही. शाळेत जाणारी भाची फॅनी ही या कादंबरीची निवेदक आहे. तिची फजिती करण्यासाठी ते एकदा तिला तिसरा जॉर्ज कोण होता असे विचारतात. गोंधळलेल्या फॅनीला, तो राजा होता आणि त्याला वेड लागले, एवढेच सुचते. मात्र शाळेचे तोंडही न पाहिलेली काकांची मुलगी लिंडा त्याच्या बापाची, मुलाची आणि कुत्र्याचीसुद्धा माहिती घडाघडा सांगते, आणि काका विजयी मुद्रेने फॅनीकडे पाहतात. शाळा शिकलेली ती शहाणी आणि न शिकलेली ती मूर्ख, असला सोपा हिशेब लेखिकेने मांडलेला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लिंडाकडे बुद्धी आहे, वाचन आहे, लाघव आहे. नाही ती शिस्त, आणि एखादे काम करून त्यावर उभे राहता येते ही कल्पना. मग प्रेम हाच तिचा एकमेव उद्योग होऊन बसतो. आधी बँकवाल्या घराण्यातला टोनी, मग कम्युनिस्ट ख्रिश्चन, आणि शेवटी पॅरिसच्या स्टेशनवर बॅगेवर बसून रडत असताना भेटलेला फाब्रिस. दरम्यान फॅनी ऑक्सफर्डच्या एका अध्यापकाशी लग्न करून बेताचा, समाधानाचा संसार करते. तिच्या निवेदनात लिंडाबद्दल माया आहे, थोडा हेवाही आहे, उपदेश मात्र कुठेही नाही.

टिपणात लेखिकेच्या घराण्याचा ओझरता उल्लेख आहे, तो अपुरा आहे. मिटफर्ड भावंडांपैकी एकुलता एक भाऊ टॉम ईटन या नामांकित शाळेत गेला; सहा बहिणींचे शिक्षण मुख्यतः घरीच गव्हर्नेसकडे झाले. त्यांपैकी डायनाने १९३६ साली ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता ओसवाल्ड मोझली याच्याशी जर्मनीत, हिटलरच्या उपस्थितीत लग्न केले. हिटलरच्या भजनी लागलेल्या युनिटीने १९३९ साली ब्रिटनने युद्ध पुकारताच म्युनिकमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. डाव्या विचारांची जेसिका स्पेनला पळून गेली. १९४० साली डायना धोकादायक असल्याचे सरकारला सांगणाऱ्यांत स्वतः नॅन्सी होत्या.

यातले फॅसिस्ट प्रकरण कादंबरीत औषधालाही नाही, आणि टिपणकारांनी घ्यायला हवा होता तो आक्षेप हाच आहे. ज्या वडिलांवरून मॅथ्यूकाका बेतले, त्या लॉर्ड रीड्सडेल यांना युद्ध सुरू होईपर्यंत हिटलरबद्दल सहानुभूती होती. कादंबरीतले काका मात्र जर्मनांच्या नावाने दात-ओठ खात घराच्या संरक्षणाची तयारी करतात. बापाला अशी सूट देऊन लेखिकेने त्याला लोभसवाणा केला, असे माझे मत आहे. विनोदाने इथे झाकापाकीचेही काम केले आहे. तरीही, ज्या वर्षी भाऊ ब्रह्मदेशातील लढाईत जखमी होऊन मरण पावला, त्याच वर्षी हे पुस्तक लिहून झाले, हे ध्यानात घेतले तर तिची ही सूट मला समजू शकते.

आणखी एक गोष्ट. लेखिका तेव्हा लंडनमधील हेवूड हिल या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करत होत्या आणि तिथून तीन महिन्यांची रजा काढून त्यांनी ही कादंबरी लिहिली. ती इतकी खपली की त्या पैशांवर १९४६ साली त्यांना पॅरिसमध्ये बिऱ्हाड थाटता आले. लिंडाला पॅरिसमधला फ्लॅट फाब्रिसने घेऊन दिला होता. लेखिकेने तो स्वतःच्या कमाईवर मिळवला. कादंबरीला निव्वळ प्रेमप्रकरणांत जमा करताना हा फरक टिपणात यायला हवा होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, सातारा